समुद्रतळाच्या गाळातले जिवाणू दाबाने चिरडत का नाहीत?
चिरडायला आत पोकळी लागते. पेशीत पाणीच, त्यामुळे आतबाहेर दाब सारखा. खरी अडचण वेगळीच आहे. दर 10 मीटर खोलीला साधारण एक वातावरण (समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो, म्हणजे 4,000 मीटर खोलीवर सुमारे 400 वातावरण, शिवाय 2-3 अंशांची थंडी. पेशीचं आवरण थिजलेल्या तुपासारखं कडक होतं. मग हे जिवाणू आवरणात असंतृप्त मेदाम्लं (थंडीतही तेलासारखी पातळ राहणारी) वाढवतात आणि ते लवचीक राहतं. पॅसिफिक महासागरातल्या सर्वात खोल मारियाना गर्तेतला 'मोरिटेला यायानोसी' हा जिवाणू तर दाब 500 वातावरणांहून कमी झाला की वाढतच नाही!

अशा जिवाणूंवर काम करायचं म्हटलं, तरी नागपुरात बसून समुद्रतळाचा गाळ कुठून आणणार? कॉलेजचा प्रोजेक्टच करायचा असेल तर लोणार सरोवर बरं. दाब नाही, पण खारं, अल्कधर्मी पाणी आणि त्यात मजेत जगणारे जिवाणू आहेत. मात्र ते अभयारण्य आहे, नमुने घेण्याआधी वनखात्याची परवानगी काढा.