मुलांना नेणाऱ्या सायकलला मोटर बसवताना

प्रश्न: ताई, आमची लांब कॅरिअरची कार्गो सायकल आहे. सांगाडा पोलादी, चाकं 26 इंची, डिस्क ब्रेक तारेचे. मागे सात आणि चार वर्षांची दोन मुलं आणि त्यांची दप्तरं असतात. शाळेच्या अलीकडे 600 मीटरचा चढ आहे. तिथे रोज उतरून ढकलावी लागते. ओळखीचे एकजण म्हणतात, पुढच्या चाकात मोटर घालून टाका, अर्ध्या दिवसाचं काम आहे. घालू का? रोजचं जाणं-येणं 11 किलोमीटर. – दोन मुलांची आई

उत्तर: पुढच्या चाकात घालू नका. काम अर्ध्या दिवसाचं आहे हे खरं, आणि मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पुढचं चाक धरणारा चिमटा अल्युमिनियमचा होता. मोटरबरोबर आलेले वायसर लावले, नट गच्च आवळले आणि निघाले. तिसऱ्या आठवड्यात सिग्नलला थांबून निघताना पुढून ‘टक्’ असा आवाज आला. मुलगी मागे बसली होती. खाली वाकून पाहिलं तर एक्सल जागच्या जागी फिरलेला, मोटरची वायर पिळवटून तुटलेली आणि ज्या खाचेत एक्सल बसतो तिच्या कडा खरवडलेल्या. चाक निसटलं नाही ते केवळ नट टिकला म्हणून. तो चिमटा मी पुन्हा वापरला नाही.

असं का होतं ते नीट समजून घ्या. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते, तेवढ्याच जोराने एक्सलला मागे पिळते. साध्या सायकलीचा एक्सल नुसतं वजन पेलतो, त्याला पीळ सोसावा लागत नाही. हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणाऱ्या मोटरच्या, एक्सलला दोन बाजूंनी सपाट कडा असतात, आणि तो सगळा पीळ त्या सेंटिमीटरभर रुंदीवर येतो. मोटर 40 न्यूटन-मीटरची असली तर तिथला दाब 300 किलोच्या वर जातो. त्यासाठी टॉर्क आर्म लागतो. ही एक पोलादी पट्टी असते. एका टोकाने ती एक्सलच्या सपाट कडा पकडते आणि दुसऱ्या टोकाने सांगाड्याला घट्ट बांधलेली असते. हब मोटर पुढे असो वा मागे, टॉर्क आर्मशिवाय सायकल बाहेर काढायची नाही. पहिल्या 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

तुमच्या सायकलीत आणखी एक अडचण आहे. सगळा भार मागे आहे, त्यामुळे चढावर पुढचं चाक हलकं पडतं. ओल्या किंवा वाळूच्या रस्त्यावर ते जागीच फिरेल, आणि नेमकं तेच चाक तुमच्या हँडलच्या ताब्यात असतं.

आता चढाचा हिशेब करू. सायकल, तुम्ही, मुलं, दप्तरं आणि वाढणारी मोटर-बॅटरी असं सगळं मिळून मी 160 किलो धरते. चढ शंभर मीटरला सहा मीटर धरू. ताशी 10 किलोमीटरने चढायचं तर चाकाशी 300 वॅटच्या आसपास ताकद हवी. रोज सायकल चालवणारं माणूस न दमता त्यातले 100 देतं. उरलेले 200 मोटरने द्यायचे, तेही सावकाश फिरणाऱ्या चाकात. हब मोटर सावकाश फिरली की बॅटरीतली बरीच वीज उष्णतेत जाते. तुमचा चढ चारेक मिनिटांचा आहे, तेवढं मागच्या चाकातली आतून गिअर असलेली हब मोटर काढेल. पण चढाच्या मध्येच थांबून, दोन मुलं मागे असताना पुन्हा निघायची वेळ येत असेल तर मिड-ड्राइव्ह घ्या. ती पॅडलच्या एक्सलच्या जागी बसते आणि तुमच्याच गिअरमधून ओढते, त्यामुळे हलका गिअर टाकला की मोटरलाही हलकं जातं. तुमच्या जागी मी तीच घेईन.

घेण्याआधी पॅडलचा एक्सल ज्या नळीत बसतो, त्या बॉटम ब्रॅकेटची रुंदी मोजा. बहुतेक किट 68 किंवा 73 मिलिमीटरसाठी असतात. मिड-ड्राइव्हमध्ये मोटरचा सगळा जोर चेनवरून जातो, म्हणून चेन लवकर झिजते, आणि तुमच्या लांब सायकलीला एका चेनची लांबी पुरत नाही. गिअर बदलताना क्षणभर पॅडल सैल सोडायची सवय लावा. थांबण्याआधीच हलक्या गिअरवर या, नाहीतर निघताना चेनला हिसका बसेल.

पण मोटरच्या आधी ब्रेक बदला. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेकजण ते शेवटी करतात. आज तुम्ही मुलांना घेऊन ताशी 15 ने जात असाल, मोटर लागली की 25 ने जाल. वेग पावणेदोनपटही वाढलेला नसतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. शिवाय तोच चढ परतताना उतार असतो. तारेचे ब्रेक काढून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, लावा. सांगाडा आणि चिमटा परवानगी देत असतील तर 180 मिलिमीटरची डिस्क घ्या. सांगाड्यावर बऱ्याचदा एकूण वजनाची मर्यादा छापलेली असते, तीही वाचा. मोटर आणि बॅटरीचे सात-आठ किलो त्यातच धरायचे.

ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे सेन्सर बहुतेक किटबरोबर येतात. ते लावल्याशिवाय मुलांना बसवू नका. साध्या किटमध्ये पॅडल फिरतंय एवढंच मोटरला कळतं, तुमचं पाऊल चुकून पडलंय की तुम्हाला निघायचंय हे तिला कळत नाही. धाकटा अजून चढतोय, तुमचा पाय पॅडलला लागून ते थोडं फिरलं, की सायकल पुढे झेपावते. पॅडलवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर चालवताना फार छान वाटतो, पण उभ्या सायकलवर पाय टेकवलात तर तोही फसू शकतो. आमच्या घरी क्रम ठरलेला आहे: ब्रेक दाबून धरायचा, मुलं बसली, पट्टे लागले, मग डिस्प्लेचं बटण. उतरताना आधी बटण बंद, मग पट्टे. मुलंच मला आठवण करतात.

बॅटरी फार मोठी लागणार नाही. एवढ्या भाराला किलोमीटरमागे 15 ते 20 वॅट-तास धरा, म्हणजे दिवसाला फार तर 220. 48 व्होल्ट, 14 अँपिअर-तासाची बॅटरी 672 वॅट-तासांची होते, म्हणजे जुनी झाल्यावरही पुरून उरेल. ती मागच्या कॅरिअरवर उंचावर ठेवू नका. सांगाड्याच्या त्रिकोणात, जितकी खाली बसेल तितकी बरी. आणि मोटर निवडण्याआधी तुमच्याकडचा नियम वाचा. बऱ्याच देशांत 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर ही मर्यादा आहे. त्यापुढे सायकल मोटरगाडीत मोजली जाऊ शकते.

प्रश्न: आमच्या सायकलीला पुढे पेटी आहे, मुलं त्यात बसतात. पुढचं चाक 20 इंची. आम्हीही पुढे मोटर टाळायची का? – एक बाबा

उत्तर: तुमचं वेगळं आहे. भार पुढे असल्याने चाक रस्ता धरून ठेवतं, आणि चाक लहान असलं की त्याच मोटरची ओढ वाढते. तीच 40 न्यूटन-मीटरची मोटर 26 इंची चाकात साधारण 120 न्यूटन ओढेल, 20 इंची चाकात 160. चिमटा पोलादी असेल तर दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावून खुशाल बसवा. अल्युमिनियमचा असेल तर नको.

प्रश्न: घरात दोन इलेक्ट्रिक सायकली आहेत, एक 36 व्होल्टची, एक 48 ची. चार्जरची पिन दोन्हीकडे बसते. कोणताही वापरला तर चालेल? – एक वाचक

उत्तर: अजिबात नाही. 36 व्होल्टची बॅटरी 42 व्होल्टला पूर्ण भरते, 48 ची 54.6 ला. मोठा चार्जर लहान बॅटरीला लावलात आणि आतलं संरक्षक सर्किट चुकलं, तर सेल आग धरू शकतात. आजच एका जोडीला, चार्जर आणि बॅटरी दोन्हीवर, लाल टेप लावा आणि दुसऱ्या जोडीला पिवळी. शक्य असेल तर एकीचा कनेक्टरच बदलून घ्या, म्हणजे घाईतही चुकीचा बसणार नाही. आणि चार्जिंग घराबाहेर पडायच्या वाटेवर किंवा सगळे झोपलेले असताना करू नका.