कॅमेरा इन्फ्रारेड करायचाय, आणि पैसे पॉलिसीतून?

(वाचकाची ओळख कळू नये म्हणून त्यांचा महिन्याचा पगार १०० धरून बाकी सगळे आकडे त्याच मापात दिले आहेत.)

प्रश्न: वय ३८. पत्नी घर सांभाळते, मुलं ९ आणि ६ वर्षांची. फोटोग्राफीचा छंद जुना आहे, आता इन्फ्रारेडकडे वळायचं आहे. मागच्या वर्षी हप्त्यांवर घेतलेला मिररलेस कॅमेरा ३० खर्चून कायमचा इन्फ्रारेड करून घेऊ, की आधीच बदललेला सेकंडहँड कॅमेरा ६० ला घेऊ? दुसरा पर्याय घेतला तर पडून असलेला जुना डीएसएलआर १२ ला विकेन आणि बाकीचे साधारण ५० विमा पॉलिसीवर १० टक्क्यांनी कर्ज काढून उभे करेन. एजंट म्हणतो, आपलेच पैसे आहेत, परत नाही केले तरी बिघडत नाही. कॅमेरा बदलून देणारा म्हणतो, भिंतींतली ओल आणि तापलेल्या वायरी तपासायची कामं मिळतात, वर्षात खर्च निघेल. घरखर्च ७०. कॅमेऱ्याचा हप्ता ८, अजून १० महिने. पॉलिसी २० वर्षांची, वर्षाला १५०. तीन हप्ते भरले, चौथा चार महिन्यांनी आहे. विमा २४०० चा, शेवटी ५००० मिळतील असं सांगितलंय. आज मोडली तर १६०. बँकेत ४०. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत उत्तम.

उत्तर: दोन्ही पर्याय नकोत. जुना डीएसएलआर विकू नका. बदलायचा तर तोच बदला, आणि तोही वर्षभराने.

कारण साधं आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर मुळातच सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेडही, टिपतो. साध्या फोटोंचे रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते. कॅमेरा बदलणं म्हणजे ती काच काढून उलट काम करणारी, म्हणजे दृश्य प्रकाश अडवणारी काच बसवणं. त्यासाठी सेन्सर नवाकोरा असण्याची गरज नाही. नव्या कॅमेऱ्याचं मात्र नुकसान होतं: वॉरंटी जाते, रोजचे रंगीत फोटो बंद होतात आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक मोजकंच. हप्ते तेवढे चालूच राहतात, अजून ८०. डीएसएलआरची एकच अडचण: इन्फ्रारेडचा फोकस थोडा वेगळ्या जागी पडतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमधून केलेला ऑटोफोकस चुकू शकतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दृश्य पाहणं) लावला की तो थेट सेन्सरवरून होतो आणि प्रश्न मिटतो.

तोवर ७२० नॅनोमीटरचा, लेन्सवर फिरवून बसवायचा फिल्टर घ्या. तुमच्या मापात तो ७ च्या आत यावा, म्हणजे एका महिन्याच्या शिलकीत बसतो. न बदललेल्या कॅमेऱ्यावर भर उन्हातही कित्येक सेकंदांचं एक्सपोजर लागेल, ट्रायपॉड लागेल, आणि फ्रेम व फोकस फिल्टर चढवण्याआधीच ठरवावे लागतील. वारा असेल तर पानं पुसट येतील. पण व्हाइट बॅलन्स (फोटोत पांढरं काय धरायचं ते) हिरवळीवर धरणं, लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल करून आकाश निळं आणणं, हे सगळं यातच शिकून होतं. तुमच्या लेन्स या कामाच्या आहेत का हेही कळतं. काही चांगल्या, महागड्या लेन्ससुद्धा इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या मधोमध फिकट डाग पाडतात आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) लहान केलं की तो डाग आणखी उठून दिसतो. कॅमेरा बदलून झाल्यावर हे कळलं तर नव्या लेन्सचा खर्च मागे लागतो. पुढे कॅमेरा बदलाल तेव्हाही ७२० ची काच घ्या. त्यात थोडा रंग मिळतो आणि कृष्णधवलही उत्तम येतं. 'फुल-स्पेक्ट्रम', म्हणजे दृश्य आणि इन्फ्रारेड दोन्ही प्रकाश आत सोडणारी काच, करून घ्या असा आग्रह होईल. त्यात बाहेरचे फिल्टर वेगळे विकत घ्यावे लागतात, हे आधी कुणी सांगत नाही.

आता कमाईबद्दल. हे मी स्पष्टच सांगतो, कारण तुमचा सगळा हिशोब यावर उभा आहे आणि हा पायाच खोटा आहे. असा कॅमेरा उष्णता पाहत नाही. इन्फ्रारेड फोटोत पानं पांढरी दिसतात ती गरम असतात म्हणून नाही, तर पानांच्या आतली रचना हा प्रकाश भरपूर परत फेकते म्हणून. रॉबर्ट वूड यांनी १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. ओलसर भिंतीचा किंवा तापलेल्या जोडणीचा तापमानातला फरक थर्मल कॅमेरा दाखवतो, आणि तो ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात काम करतो. तुमचा सेन्सर १.१ मायक्रोमीटरलाच (म्हणजे ११०० नॅनोमीटरला) थांबतो. मध्ये कित्येक पटींचं अंतर आहे आणि कुठलाही फिल्टर ते भरून काढत नाही. ज्याने ही कामं मिळतील असं सांगितलं त्याच्याकडून कॅमेरा बदलून घेऊ नका; एकतर त्याला विषय कळत नाही, नाहीतर तो तुम्हाला फसवतो आहे. राहिली प्रिंटची विक्री. एका प्रिंटमागे छपाई-फ्रेम जाऊन १ सुटतो असं धरलं तरी ६० वसूल करायला ६० प्रिंट खपाव्या लागतील. छंदाचा खर्च छंद म्हणूनच करा. तो करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, फक्त कर्ज काढून नको.

आणि ते कर्ज. 'परत नाही केले तरी बिघडत नाही' हे वाक्य वाचून मला राग आला. १० टक्क्यांनी घेतलेले ५० तसेच ठेवले तर उरलेल्या १७ वर्षांत त्यांचे सुमारे २५० होतात आणि तेवढे तुमच्या ५००० मधून कापले जातात. मध्येच व्याजासकट कर्ज पॉलिसीच्या सरेंडर किमतीच्या, म्हणजे मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेच्या, वर गेलं तर पॉलिसीच बंद पडते.

पण मला खरी धास्ती वाटते ती तुम्ही न विचारलेल्या गोष्टीची. घरात एकच कमावता माणूस, दोन लहान मुलं, आणि विमा २४०० चा. ७० च्या घरखर्चात तो तीन वर्षंही पुरत नाही. धाकट्याचं वय तेव्हा ९ असेल. एवढ्यासाठी तुम्ही दर वर्षी दीड पगार भरता आहात आणि बँकेत तीन आठवड्यांचासुद्धा खर्च नाही.

परतावाही बघून घ्या. दर वर्षी १५० याप्रमाणे २० वर्षं ३००० भरायचे आणि ५००० मिळवायचे, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. आणि त्यातला बोनस, म्हणजे विम्याच्या २४०० वर कंपनी घालेल ती भर, हा अंदाज आहे, हमी नव्हे. तीन हप्ते भरून झाल्यामुळे इथून पुढचा हिशोब थोडा बरा दिसतो: आजचे १६० न घेता पुढचे १७ हप्ते भरले तर साधारण ६ टक्के पडतात. म्हणून निव्वळ परताव्यावर मी मोडा म्हटलं नसतं. मोडा म्हणतो ते या हप्त्याने तुमच्या घराचा विमा आणि अडीनडीची गंगाजळी, दोन्हींची जागा खाल्ली आहे म्हणून. भरलेल्या ४५० मधले २९० गेले. ते वाचवण्यासाठी आणखी २५५० भरू नका.

आधी निव्वळ मुदतविमा घ्या: मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे, नाहीतर काही परत नाही. दहा वर्षांचा पगार, म्हणजे १२००० चं संरक्षण. हप्ता वयावर आणि तब्येतीवर ठरेल, पण तो आताच्या हप्त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, ३० धरून चला. आज तुमच्याकडे महिन्याला साडेनऊ उरतात. चौथा हप्ता यायच्या आत ३८ जमतात, त्यातून हा भरला जातो. मग जुनी पॉलिसी मोडून १६० घ्या, बँकेतले ४० धरून २०० झाले. सहा महिन्यांचा खर्च ४२०. हप्त्यातले वाचलेले आणि आजची शिल्लक मिळून महिन्याला साडेएकोणीस बाजूला पडतील, म्हणजे उरलेले २२० जमायला फार तर अकरा महिने. तोवर कॅमेऱ्याचे हप्तेही संपतात आणि डीएसएलआर बदलायचे ३० पुढच्या महिना-सव्वा महिन्याच्या शिलकीतून निघतात.

एजंट नवीन अर्ज भरायला येईल आणि रक्तदाबाची गोळी लिहू नका, हप्ता वाढेल असं सुचवेल. लिहा. कधीपासून घेता, किती मिलिग्रॅमची, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर तुमच्या पत्नीच्या हाती काहीच लागणार नाही. आणि नवी पॉलिसी मंजूर होऊन तिचा कागद हातात पडेपर्यंत जुनी मोडण्याच्या अर्जावर सही करू नका.