जुना पोर्टेबल कॉम्प्युटर घेताय? आधी सेल काढा

लिहायला आणि प्रोग्रॅमिंगला जुना पोर्टेबल कॉम्प्युटर घ्यायचाय, सुरुवात कशी करू, असं तुम्ही विचारलंय. मशीन हातात आलं की पहिल्याच दिवशी सेल बाहेर काढा आणि कप्पा बघा. बाकी सगळं नंतर.

माझ्याकडे १९८३ सालचं टीआरएस-८० मॉडेल १०० आहे. मामा अमेरिकेहून आला तेव्हा गिरगावातल्या आमच्या खोलीत ठेवून गेला. पडद्यावर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं, चार पेन्सिल सेल. बटण दाबलं की लगेच मेनू. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून रात्री चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली बसून मी त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो.

पुढे नोकरीला नागपूरला गेलो आणि दादाने ते माळ्यावर टाकलं. सेलसकट! अकरा वर्षांनी उतरवलं तर कप्पा हिरवा-पांढरा झालेला. आत बोर्डावर मेमरी टिकवणारी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, तीही गळून बोर्डावरच्या, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या दोन रेघा खाऊन गेली होती. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका दुकानदाराने न उघडताच सांगितलं, भंगारात द्या. मी दिलं नाही. गळलेला द्रव अल्कलीचा असतो, म्हणून आधी व्हिनेगरचा बोळा फिरवला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. तुटलेल्या रेघांवर बारीक तार जोडली, बॅटरी नवी बसवली. तीन रविवार गेले. मेनूच्या तळाशी २९६३८ बाइट्स मोकळे दिसले तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता बोरिवलीहून चर्चगेटची स्लो लोकल पकडतो, बसायला मिळतं, मांडीवर हेच. ना नोटिफिकेशन, ना इंटरनेट. एवढ्याशा मेमरीत प्रोग्रॅम बसवायचा तर प्रत्येक व्हेरिएबलचा, म्हणजे माहिती साठवणाऱ्या प्रत्येक नावाचा, विचार करावा लागतो, आणि शिकणाऱ्याला तेच हवं. लिहिलेलं सिरियल पोर्टमधून, म्हणजे मागच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीतून, लॅपटॉपवर जातं. नल मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी) आणि यूएसबी अडॅप्टर लागतो.

दादा म्हणतो, काचेच्या कपाटात ठेव, पुढे किंमत येईल. मला हे अजिबात पटत नाही. शोभेसाठी घेणार असाल तर घेऊच नका. पडून राहिलेलं मशीन मुंबईच्या दमट हवेत आतून सडतं. रोज हाताखाली असलं की बिघाड वेळेत कळतो.

हो, एक राहिलं. यावर देवनागरी येत नाही, मी इंग्रजीच लिहितो. मराठी लिहायचं असेल तर सेकंडहँड थिंकपॅड एक्स२२० लॅपटॉप बघा, २०११ चा. त्या मालिकेतला जुन्या सात रांगांचा कीबोर्ड त्याच्यापर्यंतच होता. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड चालू करा. तिथेही बॅटरी तपासूनच पैसे द्या.

दादाची मुलगी सध्या माझ्याकडे बेसिक शिकते. शनिवारी मशीन घरी नेते, तेव्हा मी दादाला फोन करतो: रात्री ठेवताना सेल काढ.