एकटी आई आहे, कथक येतं. नाशिकमध्ये क्लास काढून घर चालेल का?

ताई, तुमच्या प्रश्नात ‘माहेरचे म्हणतात, नाचून कुणाचं पोट भरलंय’ हे वाचलं आणि राहवेना. भरतं. मी सिडकोत एकटीने मुलगा वाढवतेय, ते क्लासवरच.

कथकची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय म्हणता, तर गंधर्व महाविद्यालयाची पुढची विशारद परीक्षा करूनच टाका. आया पहिल्यांदा ‘परीक्षेला बसवता का’ हेच विचारतात. अशा परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात ना.

सुरुवातीला मी इथल्याच अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. तेव्हा सातपूरच्या एका शाळेने गॅदरिंगचे नाच बसवायला बोलावलं. शिफ्ट संपली की थेट शाळेच्या गच्चीवर. कोळीनृत्य, शेतकरी नृत्य, बालवाडीची फुलपाखरं. नऊवाऱ्या भाड्याने मी आणल्या, पोरींना पिना मी लावल्या. कार्यक्रम झाल्यावर शाल-नारळ दिला. मानधन विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुम्हाला एवढं व्यासपीठ दिलं की!” दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसले. टेबलावर मंडपवाल्याचं बिल होतं, साउंडवाल्याचं होतं. म्हटलं, त्यांनाही व्यासपीठच द्या मग. शिपाई दिवे बंद करायला आला तरी उठले नाही. पैसे घेऊनच निघाले.

हे थोरल्या दादांच्या कानावर गेलं. “चांगल्या घरच्या बाईने नाचाच्या पैशासाठी भांडायचं?” अहो, ओव्हरटाइमचे पैसे बुडाले म्हणून सुपरवायझरशी भांडले असते, तर हेच दादा माझ्या बाजूने उभे राहिले असते. पायात घुंगरू बांधले की घाम फुकटचा होतो का? लावणीवालीला नावं ठेवायची आणि कथकवालीला शाल देऊन वाटेला लावायचं, मला दोन्ही सारखंच वाटतं. तेव्हा पैसे आधी ठरवा, निम्मे हातात घ्या, मगच पहिली तालीम.

नोकरी करत असाल तर ती मात्र एवढ्यात सोडू नका. मे महिन्यात क्लास ओस पडतो आणि जूनमध्ये शाळेच्या खर्चापुढे आपली फी मागे राहते. नवरात्राआधी गरबा, लग्नसराईत संगीतचे नाच, डिसेंबरात गॅदरिंग, यावर वर्ष निघतं. आणि नुसत्या फरशीवर तत्कार, म्हणजे पाय आपटून ताल धरणं, नको, गुडघे जातात. जाड सतरंजी तरी घाला.

माहेरच्यांना पटवत बसू नका. आमच्या दादांना अजूनही पटलेलं नाही. त्यांची धाकटी माझ्याकडेच शिकते. तिची फी मी 5 तारखेला मागून घेते.