इंदूरजवळ ग्रुपबरोबर पायी फिरायचं तर फक्त पावसाळ्यातच का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन आलात, पन्नाशी उलटलीये, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. रविवारी गावाबाहेर चालायला नेणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये नाव घालावं का, आणि पावसाळा सरला की इथे चालण्यासारखं काही उरतं का, हे तुम्हाला हवंय.

नाव खुशाल घाला. दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलावं लागेल, कारण पहिली दोन वर्षं माझाही हाच गैरसमज होता.

पावसाळ्यात अख्खं इंदूर पाताळपाणी, तिंछा नाहीतर चोरलच्या धबधब्यांना लोटतं. तिथे चालणं म्हणजे पार्किंगपासून कठड्यापर्यंत, मध्ये एक भुट्टा. त्यात धोकाही आहे. 2011 च्या जुलैत पाताळपाणीला पाण्याचा लोंढा एकाएकी आला आणि माणसं वाहून गेली. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण पाऊस मागे कुठेतरी वरच्या बाजूला कोसळलेला असतो. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या की फोटो अर्धवट सोडून वर यायचं. आमच्या ग्रुपमध्ये पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरायला बंदीच आहे.

ग्रुप निवडताना मात्र धबधब्यांची यादी बघू नका, शेवटी कोण चालतं ते विचारा. मी आधी ज्या ग्रुपबरोबर जायचो तिथे बसभर माणसं, पुढे शिट्टीवाला, मागे कुणीच नाही. एकदा शेताच्या बांधावर काळ्या मातीनं बूट धरले. मालव्याची ती माती, एकेका पायाला किलो-किलो चिकटते! काटकीनं तळवे खरवडत बसलो तोवर मंडळी दिसेनाशी झाली आणि बस सुरूही झाली. सीटवर ठेवलेली माझी पिशवी बघून कुणाला तरी माझी आठवण झाली, म्हणून बरं. आता ज्यांच्याबरोबर जातो ते जेमतेम पंधरा जण. एक जण ठरवून शेपटाला राहतो, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही आणि त्याला ‘चला, चला’ म्हणायची परवानगी नाही. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला असा माणूस मिळाला म्हणजे झालं.

आता ऋतूंचं. एकच जागा वर्षभर बघा, म्हणजे कळेल. माझी जागा महूच्या पुढचं जानापाव. परशुरामाचं जन्मस्थान मानतात ते. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही पायथ्याला उतरतो. चंबळ इथे उगम पावते आणि उत्तरेला यमुनेकडे जाते. जवळच्याच डोंगरातली चोरल नदी मात्र दक्षिणेला नर्मदेला मिळते. म्हणजे एका सरीतले काही थेंब बंगालच्या उपसागराकडे आणि काही अरबी समुद्राकडे. पावसात वर धुकं असतं, यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा धुतल्यासारखी झाली की. तेव्हाच सीताफळं येतात. कार्तिकी पौर्णिमेला मात्र तिथे जत्रा भरते, तो दिवस टाळा, किंवा जत्रेसाठीच जा.

थंडी हा खरा मोसम. शेतात गहू-हरभरा, बांधावरून चालताना गुडघ्यापर्यंत दवानं पँट भिजते. यशवंत सागर आणि सिरपूर या दोन्ही तळ्यांना 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. यशवंत सागरला नशीब असेल तर सारसाची जोडी दिसते. त्या दिवशी पक्षीवाले आणि चालणारे यांचं भांडण ठरलेलं, कारण पक्षीवाले दहा पावलांवर थांबतात आणि चालणाऱ्यांचे पाय गारठतात. मी चालणाऱ्यांच्या बाजूचा.

फाल्गुनात चोरलच्या बाजूला पळस फुलतो. झाडाला पान नसतं, फूल तेवढं, आणि खाली मोहाचा वास. मे महिन्यात आम्ही रालामंडलसारखं जवळचं काहीतरी करतो, होळकरांच्या शिकारगाहपर्यंत चढून उन्हाच्या आत परत. शब-ए-मालवाचं, म्हणजे मालव्याच्या गार रात्रीचं, कौतुक रात्रीपुरतं खरं आहे. दुपार इथलीही भाजून काढते.

तुम्ही डिसेंबरात सुरुवात करा, सपाट वाटेनं. नवे बूट आधी आठवडाभर घरात वापरा. आणि डब्यात शेव आणू नका. इंदूरच्या ग्रुपमध्ये पंधरातले बारा जण शेवच आणतात, भाकरी-चटणी आणणाऱ्याला मान फार.