पाव आणि पावशेर

प्रश्न : बेकरीतला पाव आणि पावशेरातला पाव मुळात एकच का? कणीक पायांनी तुडवत, म्हणून ‘पाव’, असेही ऐकले आहे.

उत्तर : दोन्ही शब्द निराळे आहेत. खाण्याचा पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. त्यांचा शब्द लॅटिन ‘पानिस’वरून आलेला असल्याने स्पॅनिश ‘पान’ हा त्याचा सख्खा भाऊ ठरतो, आणि जपानीतला ‘पान’ही पोर्तुगीजांनीच तिकडे नेला. गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, नावही याच कुळातले. पावशेरातला पाव मात्र संस्कृत ‘पाद’, म्हणजे चौथा हिस्सा, यापासून आला आहे. पायांनी तुडवण्याची कथा रंजक खरी, पण ती हिंदी ‘पाँव’वरून मागाहून जुळवलेली दिसते. देव पावतो, ते क्रियापद तिसरेच. त्याचे मूळ ‘प्राप्’मध्ये आहे.