तो ठिपका पुसू नकोस

चिरंजीव पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्रीच वाचला. फोटो मात्र सकाळी मोठ्या पडद्यावर उघडला. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर गाडी थांबवून काढलेला. खाली ओलं रान, त्यातून वर आलेलं एक वाळकं झाड, मागे भरलेलं आभाळ आणि उजव्या कोपऱ्यात उडणारा धनेश. तू त्याला ठिपका म्हणतेस. फोटोग्राफीच्या ग्रुपवरच्या कुणीतरी तुला सांगितलं की हा डिलीट कर, आधी ६०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घे, आणि घरच्यांबरोबर फिरणं सोड, गोतावळ्यात वाइल्डलाइफ होत नसतं. तेव्हापासून बाबांकडे पैसे मागू की नको, आणि दिवाळीत सगळे तिलारीला निघाले तर आपण घरी राहू की काय, या घोळात तू आहेस.

फोटो पुसू नकोस. या पत्रात मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी परत परत सांगणार, कंटाळलीस तरी: पाखरू दाखव, जनावर दाखव, पण त्याची जागा दिसू दे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात तर हे फार गरजेचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथं पाऊस असा की महिनाभर अंगणात धुणं वाळत नाही. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडते, आणि तिथं बघावं तर खडक, बाभळी आणि उघडा माळ. एकाच जिल्ह्यात दोन मुलुख आहेत. मोर दोन्हीकडे आहे. कणकुंबीचा मोर शेवाळलेल्या दगडावर भिजत उभा असतो, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरचा मोर धुळीत. गळ्यापासून वर कापून दोघांचे फोटो काढलेस तर कुठला कुठला, तुलाच सांगता येणार नाही. मग तू बेळगावात राहून काय मिळवलंस? तसला मोर प्राणिसंग्रहालयातही मिळतो.

आंबोलीला पावसात काय चालतं ते तू पाहिलं आहेस. रात्री टॉर्च घेऊन माणसं निघतात, पानाआड बसलेला बेडूक उचलतात, ‘चांगल्या’ पानावर ठेवतात, मागे काळं कापड धरतात आणि फ्लॅश मारतात. चापडा सापालासुद्धा काठीनं सरकवून फांदीवर नीट बसवतात. मला याचा संताप येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. आंबोलीचा तो छोटा टोड २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. तो कातळाच्या सड्यावर राहतो, खळग्यांतल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. तो सडा, ते वीतभर पाणी, हेच त्याचं सगळं जग आहे. ते काळ्या कापडानं झाकून तू काय दाखवणार? कॅमेरा जमिनीला टेकव, दोन हात लांब राहा, आणि तो आहे तिथंच असू दे.

भीमगडचंही तसंच. डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहांमधलं वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं आणि पुढं कित्येक दशकं ते जगात फक्त तिथूनच माहीत होतं. त्याचा फोटो काढायला गुहेत शिरायचं नसतं. वनखात्याची परवानगी असली तरी शिरायचं नसतं. ज्या डोंगरात त्या गुहा आहेत तो डोंगर काढ. मला विचारशील तर वटवाघळाचा त्याहून खरा फोटो नाही.

आता लेन्सचं. लाखाच्या घरातली वस्तू आहे ती, आणि तुझ्या बाबांची नोकरी मला माहीत आहे. पैसा बाजूला ठेवला तरी ती आपल्या रानात काय कामाची? ६०० ला तिचं तोंड एफ ६.३ च्या वर उघडत नाही, म्हणजे उजेड कमीच आत येतो. पावसाळ्यात जांबोटीच्या झाडीखाली दुपारीसुद्धा संध्याकाळ असते; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ६४०० ला नेशील तेव्हा कुठं हलणारं पाखरू धरता येईल, आणि मग पिसांऐवजी दाणे दिसतील. तुझ्याकडच्या १८-५५ आणि ५५-२५० या छोट्या लेन्स पुरे आहेत. जागा दाखवायला त्या जास्तच बऱ्या.

धनेशाचा फोटो पुढच्या वेळी असा काढ. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, पंखांचा मोठा सूं सूं आवाज. आवाज आला की पाखरू शोधत कॅमेरा फिरवू नकोस. झाडीतली मोकळी फट आधीच फ्रेममध्ये धरून ठेव, शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, आणि एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वर, म्हणजे कॅमेरा सांगतो त्यापेक्षा फोटो उजळ. पांढऱ्या आभाळाला कॅमेरा फसतो, उजेड फार आहे असं समजून सगळं काळं करतो. तुझा धनेश ठिपका वाटला तो मुख्यतः त्यामुळेच. चोर्ला घाटाच्या धुक्यातही हेच. पिकलेला उंबर किंवा वड सापडला तर ते झाड लक्षात ठेव, फळं आहेत तोवर धनेश परत येतात. ढोलीत घरटं दिसलं तर मात्र कॅमेरा न काढता मागे फिर. मादी आत कोंडून घेतलेली असते, नराची ये-जा थांबली तर ती आणि पिल्लू उपाशी राहतात. आणि एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नकोस, पावसाळ्यात काच धुरकटते. उतरायच्या आधी थोडा वेळ काचा उघड्या ठेव.

घरच्यांचं तू जे लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. काकी मोठ्यानं बोलते, धाकटे दोघं दगड मारतात, आईला दर अर्ध्या तासानं चहा लागतो. बरं मग? एवढी माणसं आहेत म्हणून तर तू तिथं पोचतेस. तुला एकटीला चोर्ल्यात कोण सोडणार आहे? डबा उघडला की सगळे गप्प बसतात, ती वीस मिनिटं तुझी. आणि ही माणसंही त्या जागेतच आहेत. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा आहे हे वाचून कुणाला काही कळत नाही. झुलत्या पुलावर कठडा घट्ट धरून उभी असलेली तुझी आई फ्रेममध्ये आली की कळतं. धूपदाळच्या बंधाऱ्यावर थंडीत कांड्या करकोचे येतात. ते लांबच बसतात, लांबच राहू देत. पुढं तुझी भावंडं काठावर बसलेली घे, मागं पाणी, त्यापलीकडं ते पक्षी. मुलांना सांग की मोजा किती आहेत. मोजताना कुणी दगड मारत नाही.

तू म्हणशील, काका, तुम्हाला सांगायला सोपं. सोपं नव्हतं. राकसकोपच्या जलाशयाचा एक फोटो मी एका स्पर्धेत दिला होता. मागं डोंगराची रांग, मधे सगळं पाणी, आणि डाव्या काठाला राखी बगळा. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की यात पक्षी शोधावा लागतो. अहो, तो शोधावाच लागतो! राकसकोपच्या काठावर उभं राहून बघा की, कुठं आयता समोर येऊन बसतो? हे मी तेव्हा बोललो नाही. घरी आलो आणि पुढं कित्येक वर्षं फोटो कुणाला दाखवले नाहीत. काढत राहिलो, तसेच काढत राहिलो, खरं कपाटात ठेवले. त्याची रुखरुख अजून आहे. माझ्या वर्गात शंभर पोरं चित्रकला शिकून गेली, त्यातल्या एकालाही मी ते दाखवले नाहीत.

बेळगाव-खानापूर रस्ता चौपदरी झाला आणि दोन्ही कडेची जुनी झाडं गेली, तेव्हा मी ते कपाट उघडलं. घारीचे, पोपटांचे, वेड्या राघूचे फोटो आहेत, आणि प्रत्येकात तो सावलीचा रस्ता आहे, एखादी बैलगाडी, दूध घालून परतणारा सायकलवाला. माझ्या ओळखीच्या एकाकडे त्याच रस्त्यावरच्या घारीचे फोटो आहेत, डोळ्यातली बाहुली दिसेल असे. फार कसबी माणूस, मी मानतो त्याला. खरं घार आजही आहे. रस्ता नाही, आणि तो त्याच्या एकाही फोटोत नाही. आता गल्लीतली माणसं माझ्याकडे येऊन विचारतात, आमच्या शेताजवळचा तो आंबा आहे का तुमच्याकडे? असतो. गाडी थांबवली की आमची ही म्हणायची, ‘झालं, आज जेवण गार.’ जेवण खूपदा गार झालं, तिचं बरोबरच होतं. माझंही बरोबर होतं. तीच आता पाहुण्यांना अल्बम काढून दाखवते.

म्हणून मी हट्ट धरतो. जागा टिकेल याची खात्री तुला कोण देणार? म्हादई नदी आपल्याच जिल्ह्यातून निघते आणि तिच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडताहेत ते तू बघतेसच. त्या काठांवर आज काय आहे हे तुझ्या पिढीनं काढून ठेवलं नाही तर कोण ठेवणार? बिबट्याचे डोळे काढणारे पुष्कळ आहेत.

आता कामाचं. धनेशाचा तो फोटो आठ बाय बारा प्रिंट कर, कापाकापी न करता. मागं पेन्सिलीनं तारीख, गावाचं नाव, कुठल्या दिशेला तोंड करून काढला आणि पाऊस होता की नव्हता, एवढं लिही. मोबाइलमधल्या नोंदीवर विसंबू नकोस. तिलारीला सगळ्यांबरोबर जा. तिथून आलीस की दहाच फोटो निवडून रविवारी माझ्याकडे आण, काकूनं मांडे करायचं कबूल केलंय. ज्यात जागा ओळखता येणार नाही तो मी बाजूला काढणार, रुसायचं नाही. आणि त्या लेन्ससाठी कुणाकडे आगाऊ पैसे दिले असशील तर उद्याच्या उद्या परत माग.

तुझा,
काका